पितृपक्षातला कूलर

कॉफी घ्या आधी. घेतलीत? मग ऐका. फक्त ऐकून झाल्यावर ‘अहो, असं कसं केलंत तुम्ही’ असं विचारायचं नाही. हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता उत्तर देताना मलाच ते खोटं वाटायला लागतं. मूर्खपणा माझा आहे, अस्सल आहे, त्यात कुणाची भेसळ नाही, एवढं धरून चाला.

आमचं म्हैसूरला शिवणाच्या सामानाचं दुकान. जरी, लेस, अस्तर, बटणं, साडीचे फॉल. आजोबा शिवणयंत्र घेऊन या गावात आले आणि इथलेच झाले. शाळेशी माझं फारसं जमलं नाही, पण गल्ल्यावर बसून कापड आणि माणूस ओळखायला शिकलो. पुढे मोबाइलवर व्हिडिओ आले आणि राहिलेलं सगळं शिकलो. गीझर मी दुरुस्त केला. मिक्सर मी दुरुस्त केला. मिक्सर आता फक्त उलटा फिरतो, पण फिरतो.

दुकानाच्या मागच्या खोलीत शालिनीचं, म्हणजे माझ्या बायकोचं, राज्य. ती साताऱ्याची. लग्न होऊन इथं आली तेव्हा आमची निम्मी कानडी मराठी ऐकून तिला वाटलं, घरातलं प्रत्येक माणूस एकाच वेळी दोघांशी बोलतंय. पण बाई हुशार. कॉम्प्युटरवरचं भरतकाम शिकली. म्हणजे पडद्यावर टाका न् टाका आखून नक्षी करायची, पेनड्राइव्हवर घ्यायची आणि भरतकामाच्या यंत्राला द्यायची. यंत्र खडखड करत ती कापडावर उतरवतं.

तर त्या वर्षी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या, नजरबाद भागातल्या सावित्रम्मा आल्या. आमच्याकडे नवरात्रात घरोघरी बाहुल्या मांडतात, पायऱ्यापायऱ्यांची आरास, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर लाकडी राजा-राणी. मुलीच्या लग्नात हे जोडपं माहेरहून येतं. सावित्रम्मांच्या राजा-राणीचे कपडे जुने होऊन पार विरले होते. राजाला नवा अंगरखा हवा, त्यावर गंडभेरुंड, आपला दोन तोंडांचा पक्षी. राणीला वीतभर साडी, तिला जरीचा काठ. आणि बाईंनी माझ्यासमोर, माझ्याच दुकानात सांगितलं, “रायरे,” म्हणजे आपलं ‘रावसाहेब’, “हे काम तुमच्या दुकानाला देत नाही. शालिनीला देते.”

शालिनी त्या दिवशी स्वयंपाक करताना गुणगुणत होती. इतक्या वर्षांत तिच्या नावावर आलेलं ते पहिलं काम.

मापासाठी तिनं जुने कपडे उसवले. ते हातातच पापडासारखे मोडले. म्हणजे आता राजा-राणी आमच्या घरी, अंगावर चिंधी नाही, टॉवेलात गुंडाळलेले. घटस्थापनेच्या सकाळी ते नटूनथटून वरच्या पायरीवर बसले नाहीत तर सावित्रम्मांचं नवरात्रच अडणार. परत द्यायला जुने कपडेही उरले नव्हते.

आणि आमचा कॉम्प्युटर? त्याला पक्ष्याचं एक पीस हलवायला सांगितलं की तो विचारात पडायचा. शालिनी तेवढ्यात आत जाऊन कांदा चिरून यायची.

“पराग आला की त्याला दाखवू,” ती म्हणाली. पराग म्हणजे आमचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. नाशिकचा मुलगा, इथल्याच हेब्बाळ भागात कंपनीत कामाला. नेमका गावी गेलेला.

“त्याला कशाला? मी प्रोसेसर बदलतो.”

“काय बदलता?”

“प्रोसेसर. कॉम्प्युटरचा मेंदू.”

“तुम्ही मेंदू बदलणार,” ती म्हणाली, आणि पुढे गप्प. साताऱ्याची माणसं निम्मं वाक्य बोलतात. उरलेलं आपण आपलं पूर्ण करायचं.

मी गेलो गिरीशच्या दुकानात. कॉम्प्युटरचे सुटे भाग विकतो, सज्जन माणूस. त्यानं आमच्याच बोर्डावर बसेल असा एक वापरलेला पण तगडा प्रोसेसर दिला आणि म्हणाला, “सार, हा जरा जास्त तापतो. जुना कूलर पुरणार नाही, नवा घ्या.” कूलर म्हणजे काय, तर खाली धातूचा ठोकळा आणि वर पंखा. ठोकळा प्रोसेसरच्या डोक्यावर बसतो, त्याची उष्णता ओढून घेतो, पंखा ती उडवून लावतो. दोघांच्या मध्ये बारीकसुद्धा फट राहू नये म्हणून एक राखाडी पेस्ट लावतात. साधी गोष्ट. मला तर वाटलं, पोराच्या टाळूला तेल लावून टोपी घालण्यासारखं आहे.

घरी आलो तर शालिनी दारातच.

“पितृपक्ष चालू आहे. आत्ता नवी वस्तू आणलीत?”

“प्रोसेसर जुना आहे. दुसऱ्या घरी नांदून आलाय.”

“आणि ते खोकं?”

“कूलर नवा आहे. पण सील तोडत नाही तोवर माल दुकानदाराचा. दुकानदाराचा माल आपल्या घरी ठेवला तर पितरांची काय हरकत?”

हसू नका. हा आमच्या धंद्याचा धर्म आहे. लेबल फाडलं, टाचणी काढली, की माल गिऱ्हाइकाचा. परत आणला तरी आम्ही हात लावत नाही. आयुष्यभर हेच सांगत आल्यामुळे मी स्वतः गिऱ्हाईक झालो तरी लेबल फाडायला माझा हात धजत नाही. आमच्या फ्रिजच्या दारावरचा कागद अजून आहे. टीव्हीचा रिमोट पिशवीत आहे. मोटारीच्या सीटवरचं प्लास्टिक उन्हात असं चिकटतं की पाहुणे उतरताना आवाज होतो, आणि प्रत्येक जण मागे वळून ‘मी नाही’ असं तोंड करतो.

तर कॉम्प्युटर उघडला. आत इतकी धूळ की तिची उशी झाली असती. जुना कूलर काढला, वाळलेली पेस्ट खरवडली. छोटी कडी उचलली, जुना प्रोसेसर काढला. नव्याच्या कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो, तो खालच्या खुणेशी जुळवला आणि अलगद सोडला. बॉबिन केसमध्ये बसते तसा बसला. जोर नाही, घाई नाही. इथपर्यंत, मी सांगतो, मोठ्या इंजिनिअरनं माझी पाठ थोपटली असती.

मग नवा कूलर उलटा केला. खाली तांब्याचा तळ, आरशासारखा. आणि त्यावर पातळ, पारदर्शक प्लास्टिक, त्यावर लाल अक्षरात इंग्रजी. पहिला शब्द मी वाचला: वॉर्निंग. पुढचं वाचलं नाही. कशाला वाचायचं? वॉर्निंग म्हटलं की ओळखायचं, कंपनीचं सील आहे, तोडलंत तर माल परत नाही. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, कंपनी आपल्याच विचारांची दिसते. शिवाय पितृपक्षाचाही प्रश्न सुटला. कूलर वापरायचा पण सील ठेवायचं, म्हणजे वस्तू वापरलीही आणि आणलीही नाही.

मग त्या प्लास्टिकवरून पेस्ट लावली. आपल्या मसाला डोशाला आतून लाल चटणी फासतात ना, तशी. कूलर दाबला, चारी खिळे टक टक बसले.

बटण दाबलं आणि काय सांगू, डोळा मिटायच्या आत कॉम्प्युटर हजर. शालिनीनं पक्ष्याचं पीस हलवलं. हललं. मान वळवली. वळली. कांदा चिरायला वेळच नाही.

“जमलं की हो तुम्हाला,” ती म्हणाली. संसारात हे वाक्य फार वेळा ऐकायला मिळत नाही, म्हणून मी तिला पुन्हा म्हणायला लावणार होतो. तेवढ्यात पडदा काळा झाला.

पुन्हा चालू केला. पक्ष्याचा एक पंख झाला, बंद. गार होऊ दिला, चालू केला. दुसरा पंख आला, पहिला साठवलेला नव्हता, बंद. दुपारपर्यंत शालिनीनं एकच पंख कितीदा तरी काढला आणि प्रत्येक वेळी तो उडून गेला.

मी परागला फोन लावला.

“काका, तापतोय तो. तापला की स्वतःहून बंद होतो. पेस्ट लावली?”

“भरपूर.”

“कूलर नीट बसलाय? पंखा फिरतोय?”

“अरे, मिक्सरपेक्षा नीट फिरतोय.”

“मग कूलरच खराब असेल. सगळं नीट उघडून लावलंत ना?”

आता यावर साधं ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं की नाही? मी म्हणालो, “पराग, मी कापडाच्या धंद्यात वाढलोय. वस्तू कशी हाताळायची हे मला शिकवू नकोस. अगदी कोरीच्या कोरी ठेवलीय.”

“बरं बरं,” तो बिचारा म्हणाला. “तोवर जरा हवा खेळती ठेवा.”

हवा. एवढंच ना? मी कॉम्प्युटरच्या पेटीचं झाकण काढून टाकलं आणि टेबलफॅन लावला. पंख आणि अर्धी मान झाली, बंद. म्हटलं पेस्ट कमी पडली असेल. कूलर काढला, आधीची पेस्ट पुसली. कशानं पुसली? मखमलीच्या तुकड्यानं. का? त्या प्लास्टिकवर चरा पडू नये म्हणून. मग पुन्हा दुप्पट पेस्ट. बंद.

दुसऱ्या दिवशी वाळ्याचा पडदा ओला करून खिडकीला टांगला. खोलीत देवळासारखा वास, कॉम्प्युटर तसाच. मग बर्फाचं घमेलं पंख्यासमोर. शेवटी मला ती कल्पना सुचली. टेबल उचलून स्वयंपाकघरात नेलं, फ्रिजचं दार सताड उघडलं आणि कॉम्प्युटर फ्रिजच्या तोंडाशी बसवला. शालिनी शाल पांघरून, कानाला मफलर बांधून नक्षी काढायला बसली. म्हैसूरच्या सप्टेंबरात.

“अहो, फ्रिजची मागची बाजू तापलीय.”

“तापू दे. आपल्याला पुढची बाजू हवीय.”

“दूध नासलं.”

“दूध परत आणता येतं.”

“राजाचा अंगरखा पण आणता येतो का बघा कुठं मिळतो ते,” ती म्हणाली, आणि माऊस ठेवून उठली. डोळे पुसले की नाक, ते मफलरमुळे दिसलं नाही. मी विचारलंही नाही. तोवरची गंमत माझ्यापुरती तिथंच संपली. सर्वपित्री अमावास्या दोन दिवसांवर, लगेच दुसऱ्या दिवशी घटस्थापना, आणि पक्ष्याला धड एक मान नाही.

नेमक्या त्याच वेळी सावित्रम्मा आल्या. “सुम्ने आले, सहज,” म्हणाल्या. सहज कुणी नजरबादहून येत नाही. त्यांनी स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. उघडा फ्रिज, समोर उघडा कॉम्प्युटर, एकीकडून टेबलफॅन, दुसरीकडे बर्फाचं घमेलं, आणि ओट्यावर टॉवेलात गुंडाळलेले राजा-राणी, नुसती डोकी बाहेर, हे सगळं बघत.

“कुणाला ताप आलाय?” त्यांनी विचारलं.

“कॉम्प्युटरला, अम्मा,” शालिनी म्हणाली.

बाईंनी मान डोलावली, जणू त्यांच्या नात्यात हे नेहमीचंच. मग राणीच्या टॉवेलाचं टोक नीट केलं आणि मला म्हणाल्या, “रायरे, लग्न झाल्यापासून यांना मी एक वर्षही खाली बसवलेलं नाही. सासूबाई गेल्या त्या वर्षी नवरात्र केलं नाही, तेवढंच. कपडे झाले नाहीत तर सांगा. मी यांना टॉवेलात नाही बसवणार. मग आरासच नाही मांडणार.”

रागावल्या असत्या तर मी भांडलो असतो. त्या रागावल्या नाहीत, म्हणून मला राग आला. कुणाचा? अर्थातच गिरीशचा. खराब माल विकला त्यानं. माझ्या बायकोचं नाव घालवायला निघाला. म्हटलं, आता दाखवतो, धंदा म्हणजे काय ते.

कूलर काढला. तळ मखमलीनं चकचकीत पुसला. थर्माकोलात घातला, खोक्यात घातला, खोक्याला मूळचीच चिकटपट्टी लावली, पावती वर. असा परतीचा माल तुम्ही बघितला नसेल.

गिरीशच्या दुकानात त्या वेळी कॉलेजची पोरं होती, एक बँकेतले गृहस्थ होते, एक बाई प्रिंटरची शाई घेत होत्या. मला आनंदच झाला. साक्षीदार हवेतच.

“गिरीश, हा माल खराब आहे.”

“काय झालं सार?”

“तापतो. गार करत नाही. नाव कूलर आणि काम शेगडीचं.” बँकेतले गृहस्थ हसले. मला आणखी जोर चढला. “आणि मी वापरून बिघडवला असं म्हणू नकोस. मीही दुकानदार आहे. माल परत करायचा नियम मला माहीत आहे. बघ, खोकं तसंच, थर्माकोल तसं. आणि हे बघ.” मी कूलर काढून उलटा केला आणि न्यायाधीशासमोर धरावा तसा सगळ्यांसमोर धरला. “सीलसुद्धा तोडलेलं नाही.”

दुकान शांत झालं. इतकं शांत की कुठल्यातरी कॉम्प्युटरचा पंखा ऐकू यायला लागला. नीट फिरणारा.

गिरीशनं कूलर हातात घेतला. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा कूलरकडे पाहिलं. मग फार हळू आवाजात, आजारी माणसाच्या नातेवाइकाशी बोलावं तसं म्हणाला, “सार, हे प्लास्टिक असतानाच बसवलात?”

“मग? तोडायचं होतं?”

त्यानं लाल अक्षरं इंग्रजीत वाचून दाखवली. मग मला नीट कळावं म्हणून कानडीत सांगितलं. प्रिंटरवाल्या बाईंना दोन्हींतलं काही कळलं नाही, त्यांना बँकेतल्या गृहस्थांनी हिंदीत सांगितलं. ‘बसवण्यापूर्वी हे प्लास्टिक काढून टाका.’ एका माणसाचा गाढवपणा तीन भाषांत जाहीर व्हावा, हे भाग्य फार थोड्यांना मिळतं.

“प्लास्टिकमधून उष्णता जात नाही, सार,” गिरीश म्हणाला. “तुम्ही त्याला टोपी घातलीत, पण मध्ये रेनकोट राहिला.”

मी विचारलं, “म्हणजे माल खराब नाही?”

“नाही सार.”

“मग परत नको. राहू दे,” मी म्हणालो, जणू मीच त्याच्यावर मेहेरबानी करत होतो. पोरांपैकी एकाला खोकला आला. तो बाहेर जाऊन खोकला, आणि बराच वेळ खोकला.

गिरीशनं नखानं ते प्लास्टिक सोललं. सर्रकन निघालं. मला ते माझ्याच अंगावरून सोलल्यासारखं वाटलं. त्यानं नवी पेस्टची नळी दिली आणि वाटाण्याएवढीच लावायला सांगितलं. घरी आलो, लावली, कूलर बसवला, टेबल मागच्या खोलीत नेलं. कॉम्प्युटर चालू झाला आणि चालूच राहिला. पंख, दुसरा पंख, दोन्ही माना, दोन्ही चोची. पितृपक्षाचं काय, असं शालिनीनं विचारलं नाही. मीही आठवण करून दिली नाही.

“काय झालं होतं?” तिनं एवढंच विचारलं.

“कंपनीचा दोष. मी झाडला गिरीशला. बदलून दिला त्यानं.”

“बरं,” ती म्हणाली.

नवरा म्हणून माझा इतका अनुभव आहे, तरी मी त्या ‘बरं’वर विश्वास ठेवला. मला काय ठाऊक, की मी स्कूटरवरून घरी पोचायच्या आत त्या सज्जन गिरीशनं काळजीनं आमच्या दुकानाच्या नंबरावर फोन केला होता. ‘सार घरी नीट पोचले का? फार हादरून गेलेत. म्हणावं, असं कुणाचंही होऊ शकतं.’ फोन उचलला शालिनीनं.

अमावास्येला यंत्र दिवसभर खडखडत होतं. राजाचा अंगरखा झाला, राणीची साडी झाली, राजाला उरलेल्या जरीचा फेटासुद्धा झाला.

घटस्थापनेच्या सकाळी आम्ही नजरबादला गेलो. सावित्रम्मांनी चष्मा लावला आणि तो पक्षी बराच वेळ पाहिला, पिसावरून बोट फिरवलं. मग शालिनीला म्हणाल्या, “तूच बसव त्यांना.” ते जोडपं घरातल्या बाईशिवाय कुणी उचलत नाही म्हणे. शालिनी स्टुलावर चढली, राजाला बसवलं, राणीला बसवलं, राणीचा पदर सारखा केला. खाली उतरली तेव्हा तिच्याकडे बघून मला वाटलं, आपण काहीही बिघडवलं असो, हे तरी बिघडलं नाही.

मग मी पुढारी माणसासारखा मागे हात बांधून बाकीच्या पायऱ्या वरून खाली बघत गेलो. देव, वरात, हत्ती. सगळ्यात खालच्या पायरीवर नेहमीचा शेट्टी. प्रत्येक आराशीत असतो तो, पोट सुटलेला वाणी, शेजारी बायको, पुढ्यात तांदूळ-डाळीचे ढीग. बायको मोकळी. शेट्टी मात्र प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर लावलेलं.

“अम्मा, याची पिशवी काढायची राहिली,” मी म्हणालो.

“राहिली नाही,” सावित्रम्मा म्हणाल्या. “नवा आणलाय. शालिनी म्हणाली, दुकानदारांचं प्लास्टिक काढलेलं त्यांना चालत नाही.”

घरातल्या सुना, शेजारणी, आणि साताऱ्याची ती बाई, सगळ्या हसल्या. त्या दिवसापासून त्या गल्लीत मला ‘पिशवीतला शेट्टी’ म्हणूनच ओळखतात. हसा, तुम्हीही हसा.

पण तुमच्यापाशी म्हणून सांगतो. ती पिशवीतली बाहुली दिसली ना, तेव्हा लाज वाटायच्या आधी माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? म्हटलं, बाई व्यवहाराला पक्की आहे. दसरा झाला की शेट्टी दुकानात परत करता येईल.